दोष सीडीचा, शिक्षा संगणकाला

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन शिकलो, संगणक कधी शिकलो नाही. तरी आज सीडीबद्दल बोलणार आहे, कारण एका खराब सीडीपायी माझ्या अम्मीच्या ओव्या जाता जाता राहिल्या.

गोष्ट 2007 च्या मे महिन्यातली. अम्मी त्याच वर्षी गेली. जात्यावर शेजारणींबरोबर तिनं म्हटलेल्या 43 ओव्या मी तिच्या तोंडून उतरवून संगणकात टंकल्या होत्या. एकेका ओवीची एकेक फाइल. कागद मात्र फेकून दिले! आणि एके दिवशी अमरावतीच्या घरातला तो संगणक सुरूच होईना.

शेजारचे एक जाणकार आले, पाहून म्हणाले, "कविराज, आता फॉर्मॅट माराच लागते." अकोल्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा फोनवर ओरडलाच, "मामू, फॉर्मॅट मत करो! सब जाएगा." त्यानं उपाय सांगितला. उबुंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम थेट सीडीवरूनच चालते. हार्ड डिस्कला धक्का न लावता आतल्या फाइली बाहेर काढता येतात.

मी एका दुकानातून ती सीडी करून आणली. घातली, काहीच झालं नाही. भाच्यानं विचारलं, सीडीत काय दिसतं? दिसत होती एकच मोठी फाइल. म्हणजे दुकानदारानं प्रतिमा म्हणून लिहायची ती फाइल नुसती कॉपी केली होती. बियाण्याचं पोतं वावरात नेऊन न फोडता ठेवावं, तसा प्रकार. उगवेल कसं?

दुसरी सीडी केली. ही सुरू झाली, पण अर्ध्यावर अडकली. जाणकार शेजारी पुन्हा म्हणाले, "मशीनच गेली." मलाही पटायला लागलं होतं. अकोल्याची गाडी धरण्याऐवजी फॉर्मॅट करून मोकळं व्हावं, असं एका रात्री मनात आलं होतं, हे कबूल करतो.

शेवटी संगणकाचा डबा गोणपाटात गुंडाळून बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत अंगाचं पाणी झालं. भाच्यानं डबा उघडलाही नाही. सीडी लावली, सुरुवातीच्या यादीतला 'सीडीतील दोष तपासा' हा पर्याय निवडला. काही मिनिटांत उत्तर आलं: दोष सीडीतच. त्याच यादीत मेमरी तपासण्याची सोय होती, तीही त्यानं चालवली, कारण मेमरी खराब असली तरी लक्षणं अशीच दिसतात. मेमरी चांगली निघाली.

मग त्यानं समजावलं. सीडीवरचं लिखाण मधल्या भोकाजवळून सुरू होतं आणि गोल गोल फिरत काठाकडे जातं. स्वस्त सीडी, त्यात सर्वांत वेगानं लिहिलेली. काठाजवळ चुका व्हायची भीती जास्त. शिवाय मी ती दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आणलेली. लिहिता येणाऱ्या सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही, आणि मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पुसायची तर मधून काठाकडे सरळ पुसावी, गोल नाही. आणखी एक, नाव लिहायची वरची बाजूच जास्त नाजूक. चकचकीत थर तिच्या अगदी खाली असतो.

पण खरी चावी वेगळीच. मूळ फाइल देणारे तिच्यासोबत 32 अक्षर-अंकांची एक खूण देतात. आपल्याकडे उतरलेल्या फाइलची खूण काढून ताडून पाहायची. कवितेत मात्रा मोजतो तसंच, पण फार कडक: मात्रा जुळूनही शब्द चुकू शकतो, इथं एक ठिपका बदलला तरी सगळी खूण बदलते. (आता पेन ड्राइव्ह आले, खूण 64 अक्षरांची झाली, ताडून पाहणं सुटलेलं नाही.)

आपला शेतकरी सोयाबीन पेरण्याआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवून उगवण पाहतो. 70 उगवले की पेरणी करतो. सीडीला 70 चालत नाहीत, तिथं 100 पैकी 100 लागतात. आणि आम्ही तर दाणा न पाहताच वावराला दोष देत होतो.

तिसरी सीडी भाच्यानं खूण ताडून, कमी वेगानं लिहिली. लिहून झाल्यावर पुन्हा तपासली. संगणक सुरू झाला, हार्ड डिस्क दिसली, अम्मीच्या फाइली दिसल्या. उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं! माझं काळीजच थांबलं. भाचा हसला. टंकलेखन जुन्या फाँटमधलं होतं, तो फाँट सोबत आणायचा राहिला होता. तोही त्याच डिस्कवरून काढला, आणि पडद्यावर अम्मी बोलायला लागली.

43 पैकी 41 ओव्या उघडल्या. दोन फाइली डिस्कच्या खराब भागात होत्या, त्या निघाल्या नाहीत. त्यातली एक आपानं मला फोनवर म्हणून दाखवली. दुसरी आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.