जुन्या अवजारांची विक्री आणि सावधगिरी

सोयाबीन-तुरीच्या वाशिम जिल्ह्यात जुना फवारणी पंप विकावयाचा, तर पूर्वी आठवडी बाजारात ओळखीचे गिऱ्हाईक भेटे. आता मोबाइलवरील जाहिरातीमुळे अनोळखी ग्राहकही येतो. "पैसे पाठवितो, कोड स्कॅन करून पिन टाका," असे त्याने म्हणताच व्यवहार थांबवावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो टाकताच विकणाऱ्याच्याच खात्यातून रक्कम जाते. अवजार दिवसाउजेडी, चारचौघांदेखत दाखवावे आणि रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहूनच हवाली करावे. फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास रक्कम पुढे सरकते. ग्रामपंचायतींनी अशा व्यवहारांसाठी आपले आवार खुले ठेवल्यास कष्टाचा पैसा सुरक्षित राहील.