सुटून आल्यावर

‘दो आँखें बारह हाथ’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट, कथा गदिमांची. सहा खुनी कैदी, एक भला जेलर आणि त्याच्या डोळ्यांचा धाक. हे ज्यावरून सुचलं ती कैद्यांची खुली वसाहत आटपाडीजवळची, स्वतंत्रपूर नावाची. औंध संस्थानात १९३९ साली ती सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं.

चित्रपटात एक गोष्ट आलीच नाही, आणि मला तीच मोठी वाटते. स्वतंत्रपुरात कैदी बायकामुलांसह राहत. दिवसभर शेतात राबायचं आणि संध्याकाळी आपल्याच घरी जेवायचं. जेलरच्या डोळ्यांपेक्षा पोरांच्या डोळ्यांचा धाक जास्त असतो, एवढं कुठलाही बाप सांगेल.

आता याउलट, बारा-चौदा वर्षं भिंतीआड काढून आलेला माणूस घ्या. बायकोनं एकटीनं संसार ओढला, मुलांची लग्नं त्याच्यावाचून लागली. घरात तो पाहुणाच. रेशनकार्डावरून नाव गेलेलं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. मग बँक दारात उभं करत नाही. कारागृहात सुतारकाम शिकला, हात चांगला बसला, पण कारखाना आधी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. आणि गुन्हा बांधाच्या भांडणातून झाला असेल, तर ज्यांच्या घरचा माणूस गेला ते गावात, समोरच्याच आळीत असतात. त्यांचंही दुःख खरंच असतं. अशा वेळी गावी परतण्यापेक्षा पुण्या-मुंबईत हमाली बरी, असं तो ठरवतो आणि उरलंसुरलं घरही सुटतं.

म्हणून संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे आपले फर्लो आणि पॅरोल, यांकडे मी सवलत म्हणून पाहत नाही. ती परत येण्याची रंगीत तालीम आहे. एखाददुसरा फरार होतो आणि बातमी त्याचीच होते; वेळेवर परत हजर झालेल्याची कोण छापणार?

पण ही रजा आणि ती खुली वसाहत, दोन्ही शिक्षा झालेल्यांसाठी. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार जणांत साधारण तीन कच्चे कैदी असतात. त्यातला एखादा काही वर्षांनी निर्दोष सुटतो. तोवर नोकरी गेलेली, वकिलापायी दागिने मोडलेले. त्याला ना रजा होती, ना सुटकेआधीची कसली तयारी. आणि निकालाची प्रत खिशात असली, तरी घरमालक ती वाचायला मागत नाही.