उंदराची निवड

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभरावर चौरस किलोमीटरचे रान एका अंगाने बोरिवलीला आणि दुसऱ्या अंगाने मुलुंडला टेकलेले आहे. रानातला उंदीर बिया, कोंब, किडे खातो. कुंपणाअलीकडचे त्याचे भाऊबंद वडापावचे उष्टे तुकडेही सोडत नाहीत. यावरून आपण ठरवून टाकतो, की उंदराला काहीही चालते. माझे म्हणणे वेगळे आहे. उंदीर अन्न निवडतो आणि शरीराच्या गरजेप्रमाणे निवडतो. मात्र ही निवड जिभेपेक्षा आठवणीच्या जोरावर अधिक होते.

बाल्टिमोरमध्ये कर्ट रिक्टर यांनी 1936 मध्ये दाखवले, की अधिवृक्क ग्रंथी काढलेले, म्हणून शरीरातले मीठ झरत राहणारे उंदीर आपण होऊन खारे पाणी पितात आणि जगतात. शरीराला सगळेच कळते, असे तेव्हा वाटले. पण 1960 च्या दशकात पॉल रोझिन यांनी ब-1 जीवनसत्त्वापासून वंचित उंदीर तपासले. त्यांना ते जीवनसत्त्व ओळखता येत नव्हते. ज्या नेहमीच्या अन्नाने प्रकृती ढासळली, ते अन्न टाळून ते नव्याकडे वळत आणि ज्याने बरे वाटे ते धरून ठेवत. म्हणजे मिठाची ओढ उपजत, बाकीचे बरेचसे शिकलेले. जॉन गार्सिया यांच्या प्रयोगांत तर खाण्यानंतर काही तासांनी त्रास झाला तरी उंदराने दोष अन्नालाच दिला. उंदराला ओकता येत नाही. म्हणून नवी वस्तू जराशी चाखून थांबणे हाच त्याचा विमा.

हे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचे झाले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण रानटी उंदीर नव्या वस्तूला त्यांच्याहून अधिक बुजतो. साबण आणि वायरी कुरतडण्यात कोणते पोषण, असेही विचारले जाईल. साबणात स्निग्धांश असतो. आणि पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने कुरतडलेले सगळे गिळलेले नसते. तिसरा आक्षेप जड आहे: 1976 मध्ये स्क्लाफानी आणि स्प्रिंगर यांनी उंदरांपुढे बाजारचे चविष्ट पदार्थ ठेवले, तेव्हा ते लठ्ठ झाले. मग शहाणपण कुठे गेले? परिणाम काही तासांत दिसला तर आठवण त्याची गाठ अन्नाशी बांधते. लठ्ठपणा महिन्यांनी येतो. त्याचा दोष कोणत्या घासाला द्यायचा?

आठवणीतली हीच फट आपल्या उपनगरांतही दिसते. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे विष झपाट्याने त्रास देते, म्हणून अर्धवट मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा शिवत नाही. शेतकरी त्यासाठीच आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवतात. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून संशय येत नाही. परंतु आमिष कोणतेही असो, शेजारी उघडी कचराकुंडी असेल तर ओळखीचे, बाधले नसलेले अन्न तिथे तयारच असते. त्याच्यापुढे नव्या आमिषाच्या वाट्याला एखादी चव येते, पोटभर जेवण नाही. म्हणून मूषकनियंत्रणाची सुरुवात विषाच्या पुडीने नव्हे, कुंडीच्या झाकणाने व्हायला हवी.