उच्च शिक्षणाची निवड : प्रतिष्ठा, खर्च आणि विवेक
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मुलाला अथवा मुलीला परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की घरात पेढे वाटले जातात. मात्र एकाऐवजी दोन पत्रे आली की आनंदापाठोपाठ चिंताही येते. एक विद्यापीठ जगप्रसिद्ध, पण शुल्काचा सारा भार पालकांवर. दुसऱ्याचे नाव नातलगांनी ऐकलेलेही नसते, पण तेथे शुल्कमाफी आणि दरमहा विद्यावेतन मिळणार असते. चारचौघांत सांगावयास पहिले नाव शोभून दिसते. परंतु असा निर्णय शोभेसाठी घ्यावयाचा नसतो.

प्रथम खर्चाचा विचार. अमेरिकेत विज्ञान व अभियांत्रिकीतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास अध्यापन वा संशोधनातील साहाय्याच्या मोबदल्यात बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. मास्टर्सचे विद्यार्थी मात्र बहुतांशी स्वखर्चाने शिकतात. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. तथापि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क लावले आहे. इंग्लंडमधील मास्टर्स बहुधा एका वर्षाचे असते. त्यामुळे राहण्या-जेवण्याचा एका वर्षाचा खर्च वाचतो, पण विषयात मुरण्यास अवधीही तेवढाच थोडा मिळतो. स्वदेशातील पर्यायही विसरू नयेत. २०२३ साली कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली.

कर्ज काढावयाचे तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, ४० लाख रुपये दरसाल १० टक्के व्याजाने प्रारंभीच उचलले. शिक्षणाची २ वर्षे आणि त्यानंतरच्या सवलतीचे १ वर्ष धरले, तर सरळव्याजानेही १२ लाखांची भर पडते. ५२ लाखांची परतफेड १० वर्षांत करावयाची म्हटल्यास मासिक हप्ता सुमारे ६८,७०० रुपये येतो. नोकरी मिळण्यास विलंब झाला, तरी हप्ता थांबत नाही. घर तारण असेल, तर हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा आणि आई-वडिलांच्या वार्धक्याचाही होतो.

शिष्यवृत्ती किती काळाची, हेही पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याची जोड मिळाली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या पुरुषाचीही वाट पैशाअभावी अडली. म्हणूनच पहिल्या वर्षाचे साहाय्य पुढेही चालणार काय, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घेणे हा संकोचाचा नव्हे, कर्तव्याचा भाग आहे.

मात्र स्वस्त ते सदैव श्रेयस्कर, असेही नाही. ज्या विषयाची ओढ आहे, त्याचा जाणता मार्गदर्शक अथवा सुसज्ज प्रयोगशाळा तेथे नसेल, तर फुकटचे शिक्षणही महाग पडते. त्याची किंमत आयुष्यातील वर्षांनी चुकवावी लागते. मार्गदर्शक विद्यार्थ्यांस वेळ देतात काय, पदवी किती वर्षांत हाती येते, पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे तेथे शिकणाऱ्यांनाच विचारावे. माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रे याची उत्तरे देत नाहीत.

विद्यापीठाच्या नावावरच भवितव्य ठरते, ही समजूतही तपासून पाहावी. वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि १९७६ साली अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. ते विद्यापीठ हार्वर्डसारखे घरोघरी ठाऊक नव्हते. पुढे जीवशास्त्राची ओढ लागली, तेव्हा डॉक्टरेट हाती असतानाही ते कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. २००९ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शिकण्याची तळमळ आणि योग्य वेळी दिशा बदलण्याचे धैर्य यांनी ही वाट घडविली.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. निर्णय झाल्यावर नको असलेले प्रस्ताव त्वरित व सौजन्याने नाकारावेत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाचा विचार करण्यास १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. हा अवधी विचारासाठी आहे, अडवून ठेवण्यासाठी नव्हे. एकाने सोडलेल्या जागेवर प्रतीक्षायादीतील दुसऱ्या होतकरू विद्यार्थ्याचे भाग्य उजळू शकते.

पालकांनी आपली खरी ऐपत मुलांपासून लपवू नये आणि मुलांनी आपली खरी आवड पालकांपासून लपवू नये. या दोन गोष्टी एकाच वेळी घरात मांडल्या गेल्या, तर पुष्कळशी कोडी तेथेच सुटतात. मग जे विद्यापीठ निवडले जाईल, त्याचे नाव लहान असो वा मोठे, विद्यार्थी तेथे निश्चिंत मनाने अभ्यास करील आणि घरही निर्धास्त झोपेल. अशी निवड करण्याचे बळ सर्व विद्यार्थ्यांना लाभो, हीच शुभकामना!