मुळांनाही श्वास लागतो



थंडी पडली की इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात आणि होडीत बसलेल्या प्रत्येकाला त्यांचाच फोटो हवा असतो. मी आज बोलणार आहे ते त्याच पाण्याच्या काठाला चरणाऱ्या दुसऱ्या एका पाहुण्याविषयी, आणि त्याच्या निमित्तानं आपल्या उसाच्या मुळांविषयी.

हा पाहुणा म्हणजे पट्टकादंब. बदकापेक्षा मोठा, राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. या पक्ष्याची वीण होते मंगोलियात, तिबेटच्या पठारावर, लडाखमध्ये. हिवाळा काढायला तो भारतात येतो. वाटेत हिमालय आहे. तो ओलांडताना एक पट्टकादंब 7,290 मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्रानं केली आहे. तिथली हवा इतकी विरळ, की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्यापेक्षाही कमी असतो. अशा उंचीवर गिर्यारोहक चार पावलं टाकतात आणि थांबतात. हा पक्षी तिथे पंख मारत असतो.

हे त्याला जमतं कसं? त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरतं, हे एक कारण. पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्याच्या छातीचे, म्हणजे पंख हलवणारे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि सखल भागात राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांशी ताडून पाहिले. पट्टकादंबाच्या स्नायूत केशवाहिन्या अधिक दाट होत्या. शिवाय पेशीतल्या तंतुकणिका मधोमध पसरलेल्या नव्हत्या. त्या पेशीच्या कडेला, रक्ताच्या जवळ सरकलेल्या होत्या. प्राणवायूला पेशीत शिरल्यावर जे शेवटचं अंतर कापावं लागतं, तेच या पक्ष्यात कमी झालेलं आहे. मला स्वतःला ही गोष्ट 7,290 मीटरच्या आकड्यापेक्षाही अधिक विलक्षण वाटते.

तंतुकणिका हा शब्द तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती हीच. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी, कधी अर्ध्याच भागाएवढी तिची जाडी. आपल्या यकृताच्या एकेका पेशीत या हजाराच्या वर असतात. आपल्या तांबड्या रक्तपेशीत मात्र एकही नसते. त्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, स्वतः तो वापरत नाहीत.

तंतुकणिकेला दोन आवरणं असतात. आतलं आवरण घड्याघड्यांचं असतं आणि खरं काम तिथेच चालतं. आपण खाल्लेल्या भाकरीची साखर झाली, ती पेशीत आली, तिचे तुकडे झाले की त्यांतले इलेक्ट्रॉन या आवरणातल्या प्रथिनांच्या रांगेत हातोहात पुढे दिले जातात. रांगेच्या टोकाला प्राणवायू उभा असतो. तो ते इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक सगळा प्राणवायू या एका टोकाशी खर्च होतो.

इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर हायड्रोजनचे धन कण आतल्या आवरणाच्या पलीकडे ढकलले जातात. तिथे त्यांची दाटी होते. उजनीच्या भिंतीमागे पाणी अडवायचं आणि पायथ्याच्या वीजगृहातून सोडून जनित्र फिरवायचं, तसंच इथे घडतं: दाटी झालेले कण परत आत येतात ते एका प्रथिनाच्या वाटेनं, आणि येता येता ते प्रथिन खरोखर गरगर फिरवतात. त्या फिरण्यातून एटीपी नावाचं द्रव्य तयार होतं. पेशीतली बहुतेक कामं या एटीपीवर चालतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळ नामवंतांनी ती मानली नाही. 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे 1997 मध्ये जपानी संशोधकांनी ते प्रथिन फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं.

एटीपी साठवून ठेवता येत नाही, ते लागेल तसं त्या त्या क्षणी करावं लागतं. माणसाच्या शरीरात दिवसभरात घडणारं आणि मोडणारं एटीपी एकत्र तोललं तर ते जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं भरेल. प्राणवायू असेल तर साखरेच्या एका रेणूपासून तीसच्या आसपास एटीपी मिळतात. प्राणवायू नसेल तर फक्त दोन. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेताच्या बांधावर गेल्यावर ते लागणार आहेत.

त्याआधी एक गोष्ट, बाजरी लावणाऱ्यांसाठी. तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होत्या, दीडशे कोटी वर्षांहूनही आधी त्या दुसऱ्या पेशीत वस्तीला आल्या, हे आज विज्ञानानं मान्य केलं आहे. अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ते नेटानं मांडलं. त्या जुन्या काळाची खूण म्हणजे तंतुकणिकेची स्वतःची थोडी जनुकं. ती आईकडून मुलांकडे जातात. संकरित बाजरीचं बियाणं करताना ज्या ओळीत नर वंध्य लागतो, त्या वंध्यत्वाचं मूळ तंतुकणिकेच्या जनुकांतच असतं. आपल्याकडे 1965 मध्ये आलेलं एचबी-1 हे बाजरीचं पहिलं संकरित वाण याच गुणावर उभं राहिलं.

आता मुळांकडे येऊ. झाड आपलं अन्न आपणच करतं, त्याला श्वासाची काय गरज, असं पुष्कळांना वाटतं. अन्न करतात ती पानं, तीही उजेडात. मूळ असतं अंधारात. त्याला पानांकडून साखर येते आणि ती साखर वापरायची तर मुळाच्या पेशीतल्या तंतुकणिकांना प्राणवायू लागतो. तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून. आपण युरियाचं पोतं टाकतो, त्यातला नत्र पाण्याबरोबर आपोआप मुळात शिरतो असं समजतो. तसं नाही. जमिनीतलं नायट्रेट आत ओढून घ्यायला मुळाला एटीपी मोजावं लागतं.

शेतात पाणी तुंबलं की मातीतली ही पोकळी पाण्यानं भरते. प्राणवायू हवेत जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या दहा हजार पट मंद गतीनं तो पाण्यात पसरतो. उरलासुरला प्राणवायू मुळं आणि मातीतले जिवाणू थोड्याच वेळात संपवून टाकतात. मग तिसाचे दोन होतात. मूळ साखर आंबवून कसंबसं तगतं, त्यात अल्कोहोल तयार होतं, पेशीतलं आम्ल वाढतं. आणि एक अशी गोष्ट घडते जी आपल्याला हटकून फसवते. गुदमरलेल्या मुळाच्या पेशी पाणी आत घेण्याची आपली दारं मिटून घेतात. पाण्यात उभं असलेलं पीक भर दुपारी माना टाकतं. शेतकरी म्हणतो, तहानलंय, आणि आणखी एक पाणी देतो. पाटाची पाळी आलेलीच असते, पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून हात सैल सुटतो. त्याचा हा धाक मला समजतो. पाण्यासाठी ज्यानं वाट पाहिली आहे त्याला पाणी नको म्हणायला सांगणं सोपं नाही. तरीही हे सांगितलंच पाहिजे.

कारण आपल्या भागात तुंबलेल्या पाण्याच्या जोडीला क्षार आहेत. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या माळांवर ऊस उभा राहिला तो त्यामुळे, आणि त्याचं ऋण कुणी नाकारणार नाही. पण एका पिढीच्या आत काळ्या जमिनी चिबडू लागल्या, वर पांढरा थर धरू लागल्या. 1910 साली हॅरल्ड मान आणि तम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि ते कुणी वेळेवर सांगितलं नाही असं म्हणायला जागा नाही.

क्षार आणि चिबड यांचा संबंध तंतुकणिकेशीच येऊन भिडतो. जमिनीतलं सोडियम मुळात शिरतच असतं. निरोगी मूळ ते सतत बाहेर फेकत राहतं, आणि या कामालाही एटीपी लागतं. प्राणवायू तुटला की ते काम थांबतं आणि सोडियम वर पानांपर्यंत पोचतं. जी खारवट जमीन निचरा चांगला असता तर पिकानं सोसली असती, तीच पाणी तुंबल्यावर पिकाला मारते. भाताच्या मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून भात चिखलात जगतो. ऊसही काही दिवस तग धरतो. तूर, पपई, डाळिंब यांच्याकडून ती अपेक्षा करू नका.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करते आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता, पाणी साचणं, पिकांवरच्या अशाच ताणांचा अभ्यास हा तिचा विषय. देशभरासाठी असलेली ही संस्था आपल्या दाराशी आहे. तिथे जा, विचारा.

फार दिवस चिबडलेल्या जमिनीत खणलं तर कधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू घाव घालतो तो तंतुकणिकेच्या त्याच टोकावर, जिथे प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो. सायनाइडसुद्धा तिथेच मारतं. गोबरगॅसच्या टाकीत, मैल्याच्या टाकीत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही परत येत नाही, अशा बातम्या आपण वाचतो. बऱ्याचदा त्यामागे हाच वायू असतो. जास्त प्रमाणात असेल तर त्याचा वासही कळेनासा होतो. म्हणून वास येत नाही या भरवशावर कुणीही, कुणालाही वाचवायलासुद्धा, अशा टाकीत उतरू नये.

शेतासाठी माझी विनंती साधी आहे. पाटाचं पाणी मोकाट सोडू नका. पाळी आली म्हणून पाणी द्यायचंच, असं करू नका. आधी कुदळीनं वीतभर खणा, मूठभर माती हातात घ्या. तिचा चिखलासारखा गोळा होत असेल तर थांबा, वाफसा येऊ द्या. ठिबक असेल त्यांनीही संच तासन्‌तास चालू ठेवू नये. पाणी थेंबाथेंबानं दिलं तरी मुळाशी चिखल होऊ शकतो. बांधाकडेचे बुजलेले चर या उन्हाळ्यात मोकळे करा. एकट्याच्या चरानं भागत नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत जायला हवं; तेव्हा शिवेवरच्या भावकीशी, शेजाऱ्यांशी बोला आणि चर एकत्र काढा. जमीन फारच चिबडली असेल तर सच्छिद्र पाइपांच्या भूमिगत निचऱ्याचा विचार गटानं करा. आणि पुढच्या वेळी पाण्यात उभं पीक मलूल दिसलं तर पाण्याचं दार उघडण्याआधी मुळं उपटून पाहा. ती पांढरी असतील तर पीक जगेल. काळी पडून कुजकट वास येत असेल तर पाणी तोडा आणि आधी निचरा करा.