विंडोज सोडण्याआधी



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप एकदम बाद ठरले. असा लॅपटॉप भंगारात काढू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवून बघा, असं मी अगदी मनापासून सांगेन. मात्र विंडोज पुसून नव्हे. आधी बाहेरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवा.

उबंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत साइटवर फुकट मिळते. ती नुसती कॉपी करून भागत नाही. रूफससारख्या प्रोग्रॅमने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी लागते, आणि त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप सुरू करतानाच एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जी कळ तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीची असेल ती दाबत राहायची. बूट मेन्यू आला की पेनड्राइव्ह निवडा. थोड्याच वेळात अख्खं लिनक्स समोर उभं राहतं, आणि तुम्ही होऊन काही केलं नाही तर आतल्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स काढलं, तेव्हा हीच करामत सीडीवरून होत असे.

आता वॉलपेपर बघण्यात वेळ घालवू नका. वायफाय लागतं का, प्रिंटर कागद ओढतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, ते पाहा. मग आपलं मराठी. सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडा आणि एक पानभर मजकूर टाइप करा. तुमची एखादी जुनी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडा. युनिकोडमधली असेल तर अक्षरं नीट दिसतील. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल आणि तो फॉन्ट तिथे नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसेल. छापखाना, शाळेचं ऑफिस, वकिलांची कचेरी अशा ठिकाणी घोडं इथेच अडतं, म्हणून ही तपासणी टाळू नका. टॅली किंवा डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी तर ते चालतं का, हेच आधी बघावं.

पेनड्राइव्हवरचं काम मशीन बंद केलं की साधारणपणे पुसलं जातं. म्हणून चार दिवस वापरायचं असेल तर यूएसबी ३ ची बाहेरची एसएसडी घ्या आणि तिच्यावर रीतसर इन्स्टॉल करा. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. तुम्ही बाहेरची डिस्क निवडलीत तरी सिस्टीम सुरू करून देणारा बूटलोडर कधीकधी आतल्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि मग एसएसडी काढल्यावर विंडोज सुरू व्हायला कुरकुर करतं. डेस्कटॉप असेल तर आतल्या डिस्कची केबलच काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर हे काम जाणकाराला शेजारी बसवून करा. आणि त्याआधी फाइलींचा बॅकअप घ्या, विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

पुढे महिनाभराची खरी कामं त्याच एसएसडीवरून करा. विजेचं बिल, मुलांचे परीक्षेचे फॉर्म, जीएसटीचं रिटर्न. एखादं काम विंडोजशिवाय होतच नसेल, तर तेवढ्यासाठी ते आत राहू द्या. एसएसडी लावली की लिनक्स, काढली की विंडोज, अशीही वर्षानुवर्षं सोय चालते.