वहीतले पुरण



आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही तिला लखनौतल्या एका उपाहारगृहात नेले. पाटीवरची 'महाराष्ट्रीय थाळी' ही अक्षरे पाहून मन हरखले होते. पण आमटीला गोड्या मसाल्याचा गंध नव्हता आणि पुरणपोळी म्हणजे साखर घातलेला डाळीचा पराठा होता. आई दोन घास खाऊन थांबली.

खरी निराशा पुढेच होती. इथेच जन्मलेली माझी धाकटी कन्या चवीने खात म्हणाली, "आजी, आपली पुरणपोळी अशीच असते ना?"

आचाऱ्याला बोल कसा लावावा? कबाब-कुलच्यांच्या या नगरीला युनेस्कोने २०२५ साली पाककलेची नगरी म्हणून गौरविले. रांधणाऱ्यांचा हात येथे कमी नाही. त्याने आपली पोळी कधी चाखलीच नसेल. परंतु माझ्या मुलीनेही ती चाखली नव्हती, हा दोष माझा. आईचे गुडघे थकले, तेव्हापासून आमच्या घरी पुरण शिजलेच नव्हते.

याच शहरात १९२६ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय उभे राहिले. गवयांच्या कंठातल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या, म्हणून कितीतरी चिजा आपल्यापर्यंत पोहोचल्या. त्या रात्री मीही वही घेऊन आईजवळ बसलो. माप विचारले, तर ती म्हणाली, "माप कसलं? पुरणात डाव उभा राहिला, की झालं." तेवढेच लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी आई खुर्चीवर बसून सांगत होती आणि डाव मुलीच्या हाती होता.

अशी एक वही आपल्याही घरी वेळीच उघडावी, एवढीच विनंती.